रहस्य पाळण्यात बसतं तेव्हा

बेंगळूरूहून म्हैसूरच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर बिडदी येतं. ताटलीएवढ्या तट्टे इडलीसाठी हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध आहे, आणि अलीकडे करमणुकीच्या दोन मोठ्या कारखान्यांसाठी. पहिला वंडरला. केरळात ‘वीगालँड’ सुरू करणाऱ्या व्ही-गार्डच्या कोचौसेफ चिट्टिलापिल्ली यांनी २००५ मध्ये इथे हे उद्यान उघडलं. दुसरी २००८ मध्ये सुरू झालेली इनोव्हेटिव्ह फिल्म सिटी, जी आता जॉलीवूड स्टुडिओज या नावाने चालते. मेणाचे पुतळे, जगभरच्या विचित्र वस्तूंचं ‘रिप्लीज’चं संग्रहालय, भुताचा बंगला अशी तिकीट काढून बघायची ठिकाणं आणि त्यांच्या शेजारीच चित्रीकरणाचे सेट, असा या फिल्म सिटीचा मूळ थाट. कन्नड ‘बिग बॉस’चं घर याच आवारात उभं राहिलं.

म्हणजे टीव्ही आणि पाळणे एकाच कुंपणात आले. तरीही लोकांनी जीव मुठीत धरून पाहिलेली एखादी रहस्यमालिका उचलून तिचा पाळणा करावा, तिच्यात प्रेक्षकाला बसवावं, हे इथे घडलेलं नाही. भुताचा बंगला आहे, पण त्यातलं भूत बिनओळखीचं. मिस्टर इंडियासारख्या चित्रपटावरची सफर खोपोलीच्या इमॅजिकात २०१३ पासून आहे. रहस्यमालिकेचं भाग्य मात्र उघडलेलं नाही.

यात आळस किंवा पैशांची चणचण एवढंच कारण नसावं. रहस्यमालिका आणि मनोरंजन उद्यान यांचं मुळातच पटत नाही. रहस्याचा सगळा जीव शेवटच्या उत्तरात असतो आणि ते उत्तर एकदाच मिळतं. खुनी कोण हे कळलेल्या माणसाला तीच गोष्ट पुन्हा सांगायला गेलं तर तो उठून जाईल. उद्यानाचा धंदा याच्या बरोबर उलट चालतो. तिथे माणूस उतरल्या उतरल्या पुन्हा रांगेत उभा राहिला पाहिजे, पुढच्या सुट्टीत भावंडांना घेऊन आला पाहिजे. मालिका महिनोन्‌महिने संशय पेरत जाते, पाळण्याच्या हातात चारपाच मिनिटं असतात. मालिका घरात बसून दोघंतिघं बघतात, पाळण्यातून तासाला शेकडो माणसं उतरवावी लागतात. हे तिन्ही तिढे ज्यांनी सोडवायचा प्रयत्न केला त्यांच्या हकिगती बघण्यासारख्या आहेत.

‘मर्डर, शी रोट’ ही मालिका अमेरिकेत १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षं चालली. अँजेला लॅन्सबरी त्यात जेसिका फ्लेचर या रहस्यकथा लिहिणाऱ्या प्रौढ बाईंचं काम करत. बाई जिथे जातील तिथे खून पडे आणि पोलिसांच्या आधी त्या तो उलगडत. फ्लोरिडात युनिव्हर्सल स्टुडिओजचं उद्यान जून १९९० मध्ये उघडलं, तेव्हा या मालिकेवरचा एक खेळ पहिल्या दिवसापासून तिथे होता. त्यात प्रेक्षकांनी खुनी शोधायचा नव्हता. त्यांना मालिकेच्या निर्मात्याच्या खुर्चीत बसवलं जाई. एका भागाचं संकलन कसं होतं, पावलांचे नि दारांचे आवाज नंतर कसे भरतात, एकाच प्रसंगाची दोन रूपं कशी करता येतात, हे त्यांच्यातल्याच काहींना पुढे बोलावून करून दाखवलं जाई. रहस्य बाजूला ठेवून रहस्याची मुदपाकखाना-फेरी, असा तो प्रकार होता. कल्पना हुशारीची होती, पण तिला चिकटून राहण्याचं बळ नव्हतं. १९९६ मध्ये मालिका संपली आणि त्याच वर्षी खेळही बंद झाला. त्या जागी हर्क्युलिस आणि झीना या मालिकांवरचा खेळ आला.

फ्लोरिडातच १९९४ मध्ये डिस्नेने जे केलं ते मात्र अजून चालू आहे.

‘द ट्वायलाइट झोन’ ही सीबीएसवरची मालिका १९५९ ते १९६४ दरम्यानची. १५६ भाग, दर भागात नवी माणसं आणि नवी गोष्ट. शेवटी काहीतरी असं निघणार की अंगावर काटा यावा. त्यातले ९२ भाग एकट्या रॉड सर्लिंग यांनी लिहिले. सुरुवातीला काळ्या सुटात येऊन, शांत आवाजात प्रेक्षकाला त्या चमत्कारिक प्रदेशात घेऊन जाणारेही तेच. डिस्नेच्या मंडळींनी सगळेच्या सगळे भाग बघून काढले आणि त्यांतला एकही भाग पाळण्यासाठी उचलला नाही. त्यांनी कधीच प्रसारित न झालेला एक नवा भाग रचला. ३१ ऑक्टोबर १९३९ ची रात्र, हॉलीवूडमधलं एक झगमगतं हॉटेल, वीज कोसळते, लिफ्टमधले पाच जण लिफ्टसकट नाहीसे होतात. ते कुठे गेले? याचं उत्तर पाळणा देत नाही. देणारही नाही. तो फक्त प्रत्येक फेरीला नव्या लोकांना त्याच हॉटेलात आणतो आणि त्याच लिफ्टमध्ये चढवतो.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. डिस्नेने मालिकेतून उत्तर काढून टाकलं आणि वातावरण तेवढं ठेवलं. उत्तर नसल्यामुळे ते शिळं व्हायचा प्रश्नच उरला नाही.

२२ जुलै १९९४ ला ‘टॉवर ऑफ टेरर’ या नावाने हा पाळणा उघडला. त्याचे तपशील ऐकले की कळतं, भीतीसुद्धा सुतारकामासारखी नीट बेतावी लागते. इमारतीची उंची १९९ फूट. आणखी एक फूट चढवला असता तर अमेरिकन विमानवाहतुकीच्या नियमाप्रमाणे माथ्यावर लुकलुकणारा लाल दिवा लावावा लागला असता, आणि १९३९ सालच्या हॉटेलावर तो दिवा विजोड दिसला असता. रांग हॉटेलच्या दिवाणखान्यातून जाते. तिथे धूळ, जाळी, अर्धवट सोडलेला खेळाचा डाव, जणू माणसं आत्ताच उठून गेली आहेत. ग्रंथालयात मूळ मालिकेच्या भागांमधल्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत. ज्याने मालिका बघितली आहे तो हळूच शेजाऱ्याला कोपराने ढोसतो; ज्याने बघितली नाही त्याचं काहीच अडत नाही. मग जुना टीव्ही आपोआप सुरू होतो आणि सर्लिंग समोर येतात. ते १९७५ मध्येच वारले होते. १९६१ च्या एका भागातलं त्यांचं जुनं चित्रण घेतलं, नवी वाक्यं मार्क सिल्व्हरमन या आवाजाच्या कलावंताकडून बोलून घेतली आणि दोन्ही बेमालूम जोडली.

लिफ्टचं काम ओटिसकडे गेलं. आपल्याकडच्या कितीतरी इमारतींच्या लिफ्टवर हे नाव असतं. लिफ्टचा दोर तुटला तरी ती कोसळू नये, या एकाच गोष्टीवर १८५३ पासून ज्या कंपनीची पत उभी राहिली, तिलाच पडणारी लिफ्ट मागितली गेली. अर्थात ती ‘पडत’ नाही. वर बसवलेली प्रचंड मोटर दोराने लिफ्टला खाली ओढते, आणि तीही नुसती सोडून दिल्यावर पडेल त्याहून वेगात. त्यामुळेच बसलेला माणूस आसनावरून वर उचलला जातो आणि कंबरेच्या पट्ट्यावर त्याचा सगळा भरवसा येतो. शिवाय वर जाता जाता मध्येच ही लिफ्ट आपल्या उभ्या मार्गातून बाहेर पडून आडवी सरकत एका काळोख्या दालनातून पुढे जाते आणि दुसऱ्या उभ्या मार्गात शिरते. आयुष्यभर लिफ्ट फक्त वरखाली जाताना पाहिलेल्या माणसाला खरा धक्का तिथे बसतो, पडण्याआधीच.

काही वर्षांनी त्यात आणखी एक गोष्ट घातली गेली. सुरुवातीला पडण्याचा क्रम ठरलेला असे. पाचदहा वेळा बसलेले लोक शेजाऱ्याला आधीच सांगू लागले, आता वर, आता खाली. २००३ च्या सुमारास क्रम निवडणं संगणकाकडे सोपवलं गेलं. त्यानंतर कोणत्या मजल्यावरून किती खाली जायचं हे बसणाऱ्याला ओळखता येईना. खुनी दर वेळी बदलावा, असंच हे झालं.

पुढे याच मनोऱ्याची तीन भावंडं झाली, आणि त्यांतल्या टोकियोच्या भावंडाची गोष्ट फार बोलकी आहे. टोकियो डिस्नीसीमध्ये सप्टेंबर २००६ मध्ये असाच पाळणा उघडला, पण त्यात ‘ट्वायलाइट झोन’चा मागमूस नाही. जपानी प्रेक्षकांना ती मालिका ओळखीची नव्हती. म्हणून तिथे हॅरिसन हायटॉवर नावाचा एक लोभी संग्राहक रचला गेला. जगभरातून वस्तू लुबाडून आणणारा हा गृहस्थ आफ्रिकेतून आणलेल्या एका मूर्तीची टिंगल करतो आणि १८९९ च्या शेवटच्या रात्री न्यूयॉर्कमधल्या आपल्याच हॉटेलच्या लिफ्टमधून गडप होतो. लिफ्ट तीच, पडणं तेच, मालिका मात्र गायब. कॅलिफोर्नियातल्या मनोऱ्याने तर २०१७ मध्ये कातच टाकली आणि तो ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ या चित्रपटाचा झाला. मालिकेचं नाव पाळण्याला किती लागतं, असा प्रश्न या दोन उदाहरणांनी उभा राहतो.

नाव लागतं, आणि ते भाड्याने मिळतं. भाड्याची मुदत संपली की काय होतं ते स्कूबी-डूला विचारावं. १९६९ मध्ये सुरू झालेली ही कार्टून मालिका आपल्याकडच्या एका पिढीने शाळेतून आल्यावर दप्तर फेकून बघितली आहे. चार पोरं आणि एक भित्रा कुत्रा, दर भागात एक भूत, आणि शेवटी मुखवटा ओढला की आत कुणीतरी लबाड माणूस. बुद्धिवादाचा इतका सरळ धडा मुलांच्या कार्यक्रमात विरळाच. २००० नंतरच्या काही वर्षांत अमेरिका-कॅनडातल्या अनेक उद्यानांनी यावर पाळणे केले. मुलं गाडीत बसून अंधाऱ्या वाड्यातून जाणार आणि दिव्याच्या बंदुकीने भुतांवर नेम धरणार. मुखवटा काढण्याची भानगड नाही, तपास नाही, गुण मोजायचे! यातली काही उद्यानं २००६ मध्ये सीडर फेअर कंपनीने विकत घेतली. पुढे हक्कांची मुदत संपली आणि २०१० मध्ये त्या गाड्या, ते वळणदार रूळ, त्या बंदुका जागच्या जागी ठेवून कुत्रा तेवढा उचलला गेला. पाळण्याचं नाव ‘बू ब्लास्टर्स ऑन बू हिल’ झालं. रांगेतल्या पोरांना फारसा फरक पडला असेल असं वाटत नाही. ज्यांना लहानपणीचा स्कूबी दाखवायला आपलं पोर आणलं होतं, त्या बापांना पडला असेल.

मग प्रेक्षकाला खरंच डोकं चालवायला लावणारं काही नाहीच का? आहे, फक्त त्याचं गणित लहान आहे. जपानमध्ये क्योटोला २००७ मध्ये स्क्रॅप नावाच्या कंपनीने खोलीत कोंडून घ्यायचा खेळ सुरू केला. तासाभरात खुणा शोधायच्या, कोडी सोडवायची, दार उघडून बाहेर यायचं. तो जगभर पसरला. बेंगळूरूत तर आयटी कंपन्यांच्या टोळ्या शुक्रवारी संध्याकाळी पैसे देऊन स्वतःला कोंडून घेतात. ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओने १९९६ पासून टीव्हीवर चाललेल्या ‘डिटेक्टिव्ह कॉनन’ या लाडक्या मालिकेसाठी असे सुटकेचे खेळ हंगामी म्हणून लावले. पण हिशोब बघा. कोंडून घ्यायच्या खोलीत तासाला सहा-आठ माणसं जातात. डिस्नेच्या लिफ्टमध्ये एका वेळी एकवीस जण बसतात, आणि ती दर थोड्या मिनिटांनी भरते. उत्तर शोधायला वेळ लागतो. वेळ लागला की माणसं कमी होतात, माणसं कमी झाली की तिकीट महाग होतं. म्हणून हे खेळ शहरातल्या एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तगतात आणि शेकडो एकरांच्या उद्यानात सहसा दिवाळी किंवा हॅलोविनपुरते येऊन जातात.

आपल्याकडे या सगळ्याचा वेगळाच रस्ता निघाला. इथे मालिकेसाठी कुणी खोटं हॉटेल बांधलं नाही. मालिका जिथे चित्रित झाली तिथे लोक आपणहून जाऊन उभे राहिले.

कर्नाटकातलं सगळ्यांत गोड उदाहरण रहस्याचं नाही, पण टीव्हीचं आहे. आर. के. नारायण यांच्या कथांवरची ‘मालगुडी डेज’ दूरदर्शनवर १९८६ पासून दिसू लागली. दिग्दर्शक शंकर नाग. कोकणी घरातला हा माणूस मुंबईच्या मराठी नाटकांत वाढला. चाफेकर बंधूंवरच्या ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या पटकथेतही त्याचा हात होता. बेंगळूरूत जाऊन तो कन्नडांचा लाडका ‘शंकरण्णा’ झाला आणि १९९० मध्ये अपघातात गेला. त्याच्या पत्नी अरुंधती नाग यांनी उभं केलेलं ‘रंगशंकरा’ हे जे. पी. नगरमधलं नाट्यगृह आजही त्याचं नाव सांगतं. तर मालगुडी हे नकाशावर नसलेलं गाव शंकर नागने शिवमोग्गा जिल्ह्यात अगुंबेला उभं केलं. तिथल्या ‘दोड्डमने’ या जुन्या घराच्या ओसरीवर मालिकेतल्या छोट्या स्वामीची गोष्ट घडली आणि अजूनही लोक ते घर शोधत येतात. मालगुडीचं रेल्वे स्थानक झालं शिवमोग्गा-तळगुप्पा मार्गावरचं अरसाळू. गाड्या मीटरगेजच्या ब्रॉडगेज झाल्या, स्थानकाची जुनी कौलारू इमारत पडीक होत गेली. मग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या म्हैसूर विभागाने ती दुरुस्त करून २०२० मध्ये तिथे मालगुडी संग्रहालय केलं. कामाला माणूसही योग्य मिळाला: मूळ मालिकेचं कलादिग्दर्शन करणारे जॉन देवराज. चौतीस वर्षांपूर्वी ज्याने खऱ्या स्थानकाला खोटं केलं होतं, त्यानेच त्या खोट्याचं जतन केलं. जुन्या डब्यात चहा मिळतो. बेंगळूरूहून तीनशेहून जास्त किलोमीटर येऊन लोक तो पितात आणि पाटीखाली फोटो काढतात.

रहस्याच्या बाबतीत मात्र मराठीने बाजी मारली आहे. झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ ला ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. कोकणातल्या एका वाड्यात अण्णा नाईकांचं निधन होतं, पांगलेलं कुटुंब गोळा होतं, आणि मग एकेक अशुभ गोष्ट घडू लागते. यामागे कोण, माणूस की आणखी काही, या प्रश्नावर महाराष्ट्र आठ महिने रात्री जागला. चित्रीकरण सिंधुदुर्गात सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या खऱ्या वाड्यात झालं. मालिका चालू असतानाच गोव्याला जाणाऱ्या गाड्या वाट वाकडी करून आकेरीला वळू लागल्या. वाड्यासमोर उभं राहून फोटो, मालिकेतल्या पांडूची नक्कल, ‘इथेच ती विहीर का’ अशी विचारपूस. ऑक्टोबरमध्ये मालिकेने आपलं उत्तर दिलं. आज ते उत्तर किती जणांना आठवतं? अण्णा मात्र सगळ्यांना आठवतात.

मालिकावाल्यांनी हे बरोबर हेरलं. कोडं तर सुटून गेलं होतं, म्हणून २०१९ मध्ये त्यांनी काळ मागे नेला आणि पहिल्या पर्वात सुरुवातीलाच गेलेल्या अण्णांना जिवंत, दांडगट, बाईलवेडे असे समोर आणलं. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांनी रंगवलेली त्यांची प्रेयसी शेवंता घराघरांत पोचली. त्या पर्वात अण्णांचा शेवट काय होणार हे प्रेक्षकाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी तो बघत राहिला. डिस्नेने कोट्यवधी डॉलर खर्चून जे साधलं तेच इथे मालवणी बोलीत, खऱ्या चिऱ्याच्या भिंतींत साधलं: उत्तर बाजूला सारलं आणि जागा धरून ठेवली. फरक एवढाच की डिस्नेच्या हॉटेलात कुणी राहत नाही. वाडा ही कुणाची तरी खरी मालमत्ता असते, अंगणात तुळस असते, आणि दुपारी जेवणाच्या वेळी पाहुणे फाटकाशी येऊन अण्णांची खोली विचारतात. ‘मर्डर, शी रोट’मधल्या जेसिकाबाईंचं घर म्हणून कॅलिफोर्नियात मेंडोसिनोला जे घर दिसे, त्याच्या मालकांनी या प्रश्नावर सरळ तोडगा काढला होता. तिथे पाहुण्यांना पैसे देऊन रात्री राहता येतं. कोकणात घरगुती निवासाचा धंदा आता रुळला आहे. चिऱ्याच्या वाड्यात भुताच्या नावाने खोली देणं अवघड नाही. फक्त ती घेणाऱ्यांच्या अपेक्षा सांभाळाव्या लागतील.

बिडदीला परत येऊन बघितलं तर कच्चा माल इथेही पडलेला दिसतो. सदानंद सुवर्ण यांनी नव्वदच्या सुमारास दूरदर्शनसाठी केलेली ‘गुड्डद भूत’ ही किनारी कर्नाटकातली रहस्यमालिका अवघ्या तेरा भागांची. तरुण प्रकाश राज त्यात होते. तिचं गाणं २०१५ च्या ‘रंगितरंग’ या कन्नड चित्रपटात पुन्हा घेतलं गेलं आणि नव्या पोरांच्या ओठांवर आलं. वीसपंचवीस वर्षांनी नुसत्या सुरावर अंगावर शहारा येत असेल तर पाळण्याला लागणारं वातावरण तयारच आहे. हिंदीत ‘सीआयडी’ १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षं चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परतली. त्यातल्या शिवाजी साटम यांचा हात हवेत फिरला की काश्मीर ते कन्याकुमारी लोकांना कळतं. त्यातले खुनी कुणाच्याच लक्षात नाहीत, म्हणजे ही मालिकाही पाळण्याच्या दृष्टीने अगदी योग्य. मालिकेतल्यासारखं दार तोडायला मिळालं तर रांग लागेल.

पण अशा कामात सगळ्यांत आधी लागतात कागद. मालिकेचे हक्क वाहिनीकडे की निर्मात्याकडे, नटाच्या चेहऱ्याचा करार वेगळा की नाही, गाण्याचे हक्क कुणाचे. त्यानंतर जमीन, वीज, अग्निशमन, पाळण्यांची तपासणी. बिडदीने या बाबतीत किंमत मोजलेली आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये फिल्म सिटीतल्या ‘बिग बॉस’च्या घराला आग लागून सेट जळाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘बिग बॉस’चं बारावं पर्व नुकतंच सुरू झालं असताना कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आदेशावरून जॉलीवूडचं आवार सील झालं. बाहेरच्या जगाशी संपर्क तोडून घरात बंद राहायचं, अशी ज्यांची अट होती, त्या सगळ्या स्पर्धकांना रातोरात जवळच्या रिसॉर्टवर हलवावं लागलं. कारण होतं सांडपाणी. उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी लक्ष घातल्यावर काही दिवसांतच कुलूप निघालं, त्रुटी दूर करायला मुदत मिळाली, आणि स्पर्धक पुन्हा आत जाऊन भांडू लागले.